पराभवाचा धडा

पराभव झाला म्हणजे चळवळ संपली, असें मानणाऱ्यांनीं आमच्या कडेगांवाच्या उत्तरेस वडूजकडे व दक्षिणेस इस्लामपुराकडे एकदां पाहावें. ता. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं वडूजच्या मामलेदार कचेरीवर तिरंगा लावण्यास निघालेल्या निःशस्त्र मोर्च्यावर गोळीबार होऊन परशुराम घार्गे यांच्यासह नऊ वीर पडले. दुसऱ्याच दिवशीं इस्लामपुरास दोघांनीं प्राण वेंचले. त्या आधीं तासगांवच्या कचेरीवर झेंडा लागला होता खरा. परंतु सरकारनें बंदुका पुढें केल्यावर तो मार्ग खुंटला. यास पराभव म्हणण्यांत हुतात्म्यांचा यत्किंचितही अवमान नाहीं.

दक्षिण अमेरिकेंतील व्हेनेझुएला देशाचा इतिहास येथें बोधप्रद आहे. ता. १५ जून १८१४ रोजीं ला पुएर्ता येथें बोलिव्हारच्या स्वातंत्र्यसैन्याचा धुव्वा उडाला. तो उडविणारे बोव्हेसचे घोडेस्वार बहुतांशीं त्याच देशांतील गरीब गुराखी होते. जमीनदारांच्या स्वराज्यांत आपणांस काय मिळणार, हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें. बोलिव्हारनें १८१६ सालीं गुलामांच्या मुक्ततेची घोषणा केली, पाएझच्या हाताखालील तसलेच गुराखी आपल्या बाजूस घेतले, आणि १८२१ सालीं काराबोबो येथें निर्णायक जय मिळविला.

साताऱ्यानेंही हाच धडा गिरविला. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारनें कचेरी सोडून गांव हातीं घेतलें. तंटे गांवांतच तुटूं लागले, सावकारी जाचास आळा बसला, हुंड्यावांचून अल्पखर्चाचे गांधी-विवाह होऊं लागले. कुंडलच्या तुफान सेनेनें ता. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ पगाराची आगगाडी लुटली, ही गोष्ट सर्वतोमुखीं आहे. परंतु भूमिगतांस तीन वर्षें भाकरी व आसरा मिळाला तो या नित्याच्या कामामुळें. वकील व अपील यांवांचून दिलेल्या त्यांच्या कठोर शिक्षा आम्हां कायद्याच्या अभ्यासकांस पटत नाहींत, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे.

आमच्या पेठेंतील व्यापारी बंधु हुतात्म्यांच्या स्मारकास हार घालितात, हें योग्यच आहे. परंतु त्याच घरीं मुलाच्या लग्नांत हुंड्याची बोलणी चालत असतील, तर वडूजच्या पराभवानंतर साताऱ्यानें जें कमाविलें तें आपण गमावीत आहों. हार घालण्यापूर्वीं याचा विचार व्हावा, एवढीच आमची विनंती आहे.