पंचनामा पुराआधी झाला पाहिजे



2005, 2019, 2021. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठावर ही सालं कुणाला आठवण करून द्यावी लागत नाहीत. कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज हे बंधारे तर जवळजवळ दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात. मोठा पूर आला की अलमट्टीची उंची आणि कोयनेचा विसर्ग यावरनं दोन्ही राज्यांत वाद सुरू होतो. तो वाद मोठा आहे, व्हायलाच पाहिजे. पण आम्ही आज बोलतोय ते पंचनाम्याबद्दल.

शेतकऱ्याचं पीक कुजलं तरी रान जागेवर असतं, उतारा असतो. घर पडलं तर भिंत दिसते. नाव मात्र दावं तुटलं की पाण्याबरोबर जाते, जाळंही जातं. पाणी उतरल्यावर पंचनाम्याला आलेले साहेब विचारतात, नाव कुठं आहे? गेली. मग पंचनामा कशाचा करू? इथंच आपलं काम थांबतं.

आता नियम बघा. राज्य आपत्ती निधीच्या, म्हणजे एसडीआरएफच्या 2022 ला ठरलेल्या दरांप्रमाणे नाव पूर्ण गेली तर 15,000 रुपये, दुरुस्तीला 6,000. जाळं पूर्ण गेलं तर 4,000, दुरुस्तीला 3,000. नियमात मोडलेली आणि हरवलेली, दोन्ही धरली आहेत. म्हणजे वाहून गेलेल्या नावेला मदत आहे. अडतं ते पुराव्यावर. (15,000 मध्ये नवी फायबरची नाव येते का, हे या पेजवर कुणाला सांगायला नको. 2019 ला पूर्ण पडलेल्या घराला कर्नाटक सरकारनं 5 लाख जाहीर केले होते. घरासाठी सरकार पदरचं घालू शकतं तर नावेसाठीही घालू शकतं.)

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. मत्स्य खातं आणि तलाठी यांनी दरवर्षी मे महिन्यात घाटावर यावं. प्रत्येक नावेला नंबर द्यावा, लांबी मोजावी, फोटो काढावा, जाळी किती ते लिहावं. एक प्रत मालकाला, एक तहसीलला, एक संस्थेला. पुरात नाव गेली तर तोच कागद पुरावा धरावा. खोटे अर्ज येतात अशी तक्रार अधिकारी नेहमी करतात. त्यावरही पुराआधीची मोजणी हाच इलाज आहे, पुरानंतरची नव्हे.

याच यादीचा दुसराही उपयोग आहे. पथक येईपर्यंत माणसं बाहेर काढतात ती गावातलीच, कधी नावेनं तर कधी गुळाच्या काहिलीनं. ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातनं लोकांना बाहेर काढताना बोट उलटली, त्यात कितीतरी जीव गेले. बोटीत माणसं जास्त झाली होती. कुठल्या गावात कुणाची नाव आहे, त्यात किती माणसं बसवायची, चालवणारा कोण, हे तहसीलला आधीच माहीत पाहिजे. लाइफ जॅकेट पावसाळ्याआधी घाटावर आली पाहिजेत. आणि नाव सरकारी कामाला लावली तर डिझेल आणि दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे. ते उपकार नव्हेत.

एक गोष्ट नावमालकांना स्पष्टच सांगतो, राग मानू नका. पुष्कळ ठिकाणी नाव एकाची आणि जाळं दुसऱ्याचं असतं. वाटेकरी उचल घेऊन जाळं घेतो, ते गेलं तर कर्ज त्याच्या डोक्यावर राहतं. यादीत जाळं ज्याचं त्याच्याच नावावर लागलं पाहिजे. नावेबरोबर सगळं मालकाच्या नावावर घालायचं असेल तर संस्था त्यावर सही करणार नाही.

सरकार मोजायला येईल तेव्हा येईल. तोवर संस्थेनं स्वतःचं रजिस्टर घातलंय. मे संपायच्या आत आधार, पासबुक आणि फोटो घेऊन ऑफिसला या. वाटेकऱ्यांनीही या. पंचनाम्याचा कागद कानडीत असतो, वाचता येत नसेल तर सही करण्याआधी आमच्याकडं आणा, वाचून दाखवू. फोटोत नाव, मालक आणि मागं घाट असं तिन्ही दिसलं पाहिजे. नुसत्या नावेचा फोटो आणला तर परत पाठवू, कारण ती कुणाची आणि कुठली हे त्यातनं कळत नाही.