छायाचित्राची पाठ

घरच्या जुन्या पेटीत वा जुन्या बाजारात जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले छायाचित्र हाती आले, तर प्रथम त्याची पाठ पाहावी. तेथे पुष्कळदा छायाचित्रकाराचे नाव व पत्ता छापलेला असतो. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ उघडला तो १८९६ साली. तेव्हा त्यांचा मुंबईचा पत्ता असलेला पुठ्ठा त्यापूर्वीचा असणे शक्य नाही. म्हणून चौकटीत बसविण्यासाठी पुठ्ठा कापू नये. मात्र चित्रातील माणसाचे नाव पुठ्ठा सांगत नाही. ते घरातील वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असते. आजच त्यांना विचारा व पाठीच्या कडेला मऊ शिसपेन्सिलीने हलकेच लिहून ठेवा. त्यांच्यामागे ते सांगणारे कोणी उरणार नाही.