उजनीच्या मासळीला मर्यादा हवी, आणि दाखलाही

उजनी धरणातल्या मासेमारीवर मर्यादा घाला म्हटले की दोन बाजूंनी आक्षेप येतो. एक पक्ष म्हणतो, पुणे-पिंपरीचे सांडपाणी ज्या पाण्यात उतरते तिथली मासळी खाण्याच्याच लायकीची नाही. जी खायची नाही ती राखायची कशाला? दुसरा म्हणतो, धरणात मत्स्यबीज सोडतातच, मासा काही संपत नाही. तुमची मर्यादा म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय. या दोघांचे आपसात पटत नाही, पण दोघेही येऊन थांबतात एकाच जागी: जाळे हवे तसे टाकू द्या. मला दोन्ही म्हणणी अमान्य आहेत.

दुसऱ्या आक्षेपात भुकेचा प्रश्न आहे, म्हणून आधी तो घेतो. 1980 साली उजनी पूर्ण झाले आणि भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. या जलाशयावर आज अनेक घरांच्या चुली पेटतात, हे विसरून बोलणाऱ्याला मर्यादेची भाषा करण्याचा अधिकार नाही. पण मासा संपत नाही हे खरे नव्हे. कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात वीण करत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली पुराची वाहती नदी लागते. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींची वीण घडवून आणली, तेव्हा कुठे धरणांत भरवशाने बीज सोडता येऊ लागले. म्हणजे बोटुकली, बोटाएवढे पिलू, हे कुणीतरी पैसे आणि श्रम घालून टाकलेले भांडवल असते. वर्ष-दीड वर्ष मिळाले तर तिचा किलोभराचा मासा होतो. बारीक आसाचे, म्हणजे लहान छिद्रांचे, जाळे तिला काही आठवड्यांतच उचलते, आणि चार माणसांचे जेवण ठरला असता तो मासा मूठभर सुकटीत जमा होऊन मातीमोल विकला जातो. यात गरिबाचे पोट कुठे भरले? त्याच्याच पुढच्या वर्षाचा घास गेला.

तरीही जाळी भरलेली दिसतात, असे सांगितले जाते. ती बव्हंशी चिलापीने भरतात. 1952 साली भारतात आणलेला हा मासा साठलेल्या पाण्यातच वाढतो, मादी पिले तोंडात सांभाळते, आणि दाटी झाली की तो तळहाताएवढाच राहतो. चिलापीचे ढीग पाहून जलाशय निरोगी आहे असे म्हणणे ही फसगत आहे.

मग मर्यादा कशी असावी? अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गळ टाकणाऱ्या हौशी माणसाला दिवसाला अमुक इतकेच मासे, असा नियम असतो. तो इथे आणू नये. पहाटेच्या अंधारात होडीतले मासे मोजायला कोण उभा राहणार? आणि पोटासाठी मासे धरणाऱ्याला हौशी माणसाच्या मापाने का मोजायचे? इथे मर्यादा जाळ्याच्या आसातच असली पाहिजे. मोठ्या आसातून बोटुकली आपोआप सुटते. दुसरी मर्यादा काळाची. पहिल्या पुराबरोबर गाभोळीने भरलेले चढणीचे मासे नदीत वर निघतात, तेव्हा त्यांची वाट सोडलीच पाहिजे. पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रात 1 जून ते 31 जुलै बंदी पाळली जाते, आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने 54 सागरी जातींचे किमान आकारही ठरवले. गोड्या पाण्यासाठी जाळ्याचा प्रकार व आकार ठरवण्याचा, मासेमारी काही काळ थांबवण्याचा अधिकार तर 1897 च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानेच राज्यांना दिलेला आहे. मात्र बंदीच्या महिन्यांत मच्छीमाराच्या घरी पैसा पोहोचला नाही, तर ती बंदी अन्यायाची ठरेल, आणि ती मोडणाऱ्याला मी दोष देणार नाही.

आता विषाचा आक्षेप. त्यातली भीती खरी आहे. पुरते शुद्ध न झालेले पाणी मुळा-मुठेतून भीमेत येते आणि उजनीत साठते. पण ‘सगळी मासळी विषारी’ हे विधान आळसाचे आहे. सांडपाण्यातले जंतू नीट शिजवल्यावर मरतात; धातू मरत नाहीत. पारा मांसात मुरतो आणि लहान माशाकडून मोठ्याकडे चढत जातो, म्हणून मरळ, वाम अशा मांसाहारी आणि वयस्क माशांत तो जास्त सापडण्याचा संभव. कॅडमियम यकृत-मूत्रपिंडात, शिसे कल्ल्यांत व हाडांत साठते. निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष प्रामुख्याने यकृतात जमते आणि ते उकळूनही जात नाही. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, मृगळ तळाच्या गाळात तोंड घालतो. एकाच पाण्यातल्या या माशांना एकच निकाल कसा लावायचा?

इथे एक बिनतोड वाटणारा युक्तिवाद पुढे येतो: लहान माशात विष कमी, मग लहानच धरू द्या. पाऱ्यापुरते पहिले वाक्य बरोबर आहे. पण किलोभराचा रोहू काही म्हातारा शिकारी मासा नव्हे. पारा टाळायचा तर जात निवडावी, पिलू नव्हे. लहान आसाच्या जाळ्याला आरोग्याचे कारण जोडणे मला संतापजनक वाटते.

भीतीवर उपाय तपासणीचा आहे. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत माशातल्या शिशाची कमाल मर्यादा किलोला 0.3 मिलिग्रॅम अशी ठरलेली आहे. उजनीच्या मासळीचे जातवार निकाल दर हंगामाला जलाशयाकाठच्या भिगवणच्या बाजारात, लिलावाच्या जागीच, मराठीत लावले पाहिजेत. अमेरिकेत गरोदर बाया आणि मुलांसाठी असा जातवार सल्ला निघतो. जिथल्या पाण्याची माहितीच नाही, तिथला मासा आठवड्यातून एकदाच खा, असे तिथे सांगतात. निकाल लागेपर्यंत आपणही तेच धरावे; शिवाय आतडी, यकृत, कल्ले टाकून द्यावेत, मेलेला तरंगता मासा उचलू नये, गरोदर बाईला आणि लहान मुलांना मोठी मरळ देऊ नये, आणि बंदी असलेला आफ्रिकन मांगूर कुणी स्वस्तात दिला तरी घेऊ नये.

या तपासणीचा खर्च मच्छीमार संस्थांच्या माथी मारण्याचे कारण नाही. ज्या महापालिकांचे पाणी भीमेत उतरते, त्यांच्या अंदाजपत्रकात तो दरवर्षी दिसला पाहिजे, आणि जाळ्याच्या आसाचा नियम ज्या दिवशी लागू होईल त्याच दिवशी त्यांच्या नाल्यांनाही तारीख बांधून दिली पाहिजे.