पट्टा आधी हाताला बसू द्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या नेमबाजीच्या रेंजवर अकरावीतली एक मुलगी प्रोनच्या, म्हणजे पोटावर झोपून नेम धरायच्या, चटईवरून उठली आणि तिला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येईना. डाव्या हाताची बोटं जांभळट झाली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुन्न पडलं होतं. "मॅडम, सुरुवातीला असं होतंच ना? सगळे म्हणतात, दुखलं तरच पट्टा नीट बसला." मी तिला जॅकेट काढायला लावलं. दंडावर रायफलच्या पट्ट्याचा, म्हणजे स्लिंगचा, लालभडक वळ होता, बोट फिरवलं तर कड लागेल इतका खोल. पट्टा नवाकोरा होता, महागाचा होता आणि विकणाऱ्याने सांगितलेल्या भोकात अडकवलेला होता.

हे लिहिते आहे ते तिच्यासारख्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी. २०१० साली म्युनिकला कोल्हापूरची तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणलं. आता एअर रायफल करणारी मुलं ५० मीटरकडे वळताना दिसतात, आणि वळली की पहिल्याच आठवड्यात पालक विचारतात, "स्लिंग कुठली घ्यायची?" माझी विनंती एवढीच आहे की घाईने काही मागवू नका. रेंजवरचे दोन-तीन जुने पट्टे मुलाच्या हातावर बांधून बघा आणि मगच पैसे खर्च करा.

पट्टा करतो काय, हे आधी नीट समजून घ्या. पुरुषांच्या ५० मीटर रायफलचं वजन ८ किलोपर्यंत असू शकतं. समोरच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे जेमतेम करंगळीच्या नखाएवढं. एवढं वजन दंडाच्या ताकदीवर तोलून तिथे साठ वेळा गोळी घालणं कुणालाच जमत नाही, कारण स्नायू थकतो आणि थकला की थरथरतो. म्हणून रायफलचं वजन मनगटातून पुढच्या हाताच्या हाडावर, तिथून कोपरावर आणि कोपरातून जमिनीवर उतरवायचं असतं. पट्टा कोपराचा सांधा उघडू देत नाही आणि बट खांद्यात ओढून धरतो. पट्टा बरोबर बसला की डावा हात फक्त तिथे ठेवलेला असतो, तो काही धरत नाही.

खांद्याला अडकवायचा पट्टा वेगळा, हे एनसीसीतून आलेल्या मुलांना सांगावं लागतं. तो रायफलला पुढे आणि मागे अशा दोन ठिकाणी जोडलेला असतो. नेमबाजीच्या स्पर्धेतला पट्टा वरच्या दंडातून निघतो आणि रायफलच्या पुढच्या लाकडाला एकाच ठिकाणी जोडला जातो. त्याची रुंदी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. तो हाताच्या किंवा मनगटाच्या एकाच बाजूने गेला पाहिजे, आणि कडी व हँडस्टॉप (पुढच्या लाकडाखालच्या खाचेत सरकणारा, हात अडवणारा तुकडा) सोडून रायफलला कुठेही टेकता कामा नये. १० मीटर एअर रायफलला पट्टा चालतच नाही, थ्री पोझिशनमध्ये (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर बसून, प्रोन आणि उभ्याने स्टँडिंग) स्टँडिंगलाही नाही. तेव्हा मूल अजून एअर रायफलच करत असेल, तर ही खरेदी आत्ता नकोच.

निवडताना मी सगळ्यात आधी दंडावरचा फास बघते. काही पट्टे असे असतात की पुढून ओढ लागली की दंडाभोवतीचा वेढा आवळत जातो. काहींत दंडाची पट्टी वेगळी असते, एकदा बसवली की ओढ कितीही लागो, वेढा तेवढाच राहतो. वाढत्या वयाच्या मुलांसाठी दुसरा प्रकारच घ्या, यात मी तडजोड करत नाही. दंडाकडच्या बाजूला जॅकेटवर घसरणार नाही असं अस्तर हवं. बक्कल दंडाच्या बाहेरच्या अंगाला यायला हवं, आतल्या बाजूला आलं तर ते नेमकं रक्तवाहिनीवर बसतं. भोकांना आकडे असावेत. आणि पुढची कडी ज्या हँडस्टॉपला लागणार तो तुमच्या रायफलच्या खाचेत सरकतो का, हे प्रत्यक्ष सरकवून बघा. चामडं घ्यावं की कृत्रिम पट्टी, यावर रेंजवर तासभर वाद चालतो. चामडं हाताला बरं वाटतं पण घामाने आणि दमट हवेने ताणतं. आपल्याकडचा पाऊस बघता मी कृत्रिमच सुचवते.

आता बसवायचं कसं. रायफलचा बोल्ट उघडा, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग, नळी टार्गेटकडे. पट्टा जोडताना हे पाळायचं म्हणजे पाळायचंच, गोळी जवळ नसली तरी. जॅकेट आणि ग्लव्ह घालूनच माप घ्या, नुसत्या शर्टावर घेतलेलं माप काही कामाचं नाही. पट्टा दंडावर चढवा आणि जॅकेटच्या बाहीवरच्या हुकात अडकवा, म्हणजे तो खाली घसरणार नाही. पुढचं टोक हँडस्टॉपच्या कडीत लावण्याआधी पट्ट्याला अर्धा पीळ द्या. त्यामुळे तो हाताच्या पाठीवर सपाट बसतो, कडेने रुतत नाही. एवढ्या अर्ध्या पिळाने कितीतरी मुलांच्या हाताची सालं जायची थांबली आहेत.

मग चटईवर आडवं व्हा आणि उजव्या हाताने बट खांद्यात बसवा. थोडा जोर लागला पाहिजे, पण कुणी मदतीला यावं लागेल इतका नाही. आता उजवा हात पूर्ण सोडा. डाव्या हाताची बोटंही उघडा. रायफल जागची हलली नाही तर पट्टा आपलं काम करतो आहे. बट खांद्यातून निसटलं तर एक भोक आवळा. मान पुढे खेचली जात असेल, गाल चीकपीसवर सहज टेकत नसेल, तर सैल करा. पुढच्या हाताचा जमिनीशी कोन ३० अंशांपेक्षा कमी चालत नाही, तो कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. हे सगळं एका संध्याकाळी, एकही गोळी न उडवता करायचं. मुलांना कंटाळा येतो, येऊ द्या.

यानंतरची परीक्षा डोळे मिटून. बुलवर, म्हणजे टार्गेटच्या मधल्या काळ्या वर्तुळावर, नेम धरा, डोळे मिटा, दोन-तीन श्वास संथ घ्या, मग उघडा. रायफल डावीकडे गेली असेल तर हाताने ढकलून आणू नका. डावं कोपर जागेवर ठेवून कंबर सरकवा. नळी वर राहत असेल तर हँडस्टॉप थोडा पुढे न्या, खाली राहत असेल तर मागे घ्या. हँडस्टॉप हलला की पट्ट्याची लांबीही पुन्हा बघावी लागते, तेवढं विसरू नका.

नेम बघताना बुल ठोक्याठोक्याला उडतो, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. ती नाडी असते. दंडाच्या आतल्या बाजूची मोठी रक्तवाहिनी पट्ट्याखाली दाबली जाते आणि तिचा ठोका पट्ट्यावाटे सरळ रायफलपर्यंत जातो. अशा वेळी आवळून काही उपयोग नसतो. पट्टा बोटभर वर किंवा खाली सरकवा, किंवा ओढ दंडाच्या बाहेरच्या अंगाने येईल असा फिरवा. जागा सापडली की जॅकेटच्या बाहीवर खडूने खूण करा.

दुखण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. नव्या पट्ट्याचा दाब जाणवणार, हाताच्या पाठीला थोडं रुतणार, हे मान्य. पण मुंग्या येणं वेगळं. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर आधी कोपर बघा. कोपराच्या आतल्या हाडामागून जी नस जाते, ज्यावर आपटलं की झिणझिण्या येतात, ती चटईवर दाबली जात असते. त्या मुलीचं तेच झालं होतं. पट्टा प्रमाणाबाहेर आखूड, म्हणून कोपर आत ओढलं जाऊन नेमकं त्या नसेवर टेकत होतं. तीन भोकं सैल केली, कोपर थोडं बाहेर आलं आणि झिणझिण्या थांबल्या. दंडावरचा वळ जायला मात्र चार दिवस लागले. दुसरी एक नस दंडाच्या मध्यावर हाडाला वळसा घालून जाते. तिच्यावर दाब राहिला तर मनगट वर उचलायची ताकद कमी होते. मी हे स्वतः भोगलं आहे. शिकत होते तेव्हा एका प्रशिक्षकांनी आठवड्याला एक भोक आवळत नेलं, मी तोंड उघडलं नाही, आणि पुढचे तीन आठवडे मला डाव्या हाताने पोळी लाटताना लाटणं धरवत नव्हतं. म्हणून पालकांना हात जोडून सांगते, मूल घरी आल्यावर विचारा, "मनगट उचलून दाखव, बोटं पसर बघू." जमत नसेल तर सराव बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. स्पर्धा तोंडावर असली तरी.

रेंजवरही प्रत्येक सिरीजनंतर कडी सोडून हात खाली लोंबता ठेवायची सवय लावा. एक मिनिटाचं काम आहे.

नीलिंगचं माप वेगळं निघतं. तिथे कोपर गुडघ्यावर येतं, हात शरीराच्या जवळ असतो आणि हँडस्टॉप बहुधा प्रोनपेक्षा मागे येतो. एकाच भोकावर दोन्ही पोझिशन भागवू नका. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून प्रोनचं भोक, नीलिंगचं भोक आणि दोन्हींचा हँडस्टॉपचा आकडा लिहून ठेवा. मुलं वाढत असतात. जूनमध्ये शाळा-कॉलेज सुरू होताना एकदा आणि दिवाळीनंतर एकदा सगळं माप नव्याने घ्या.

सराव संपल्यावर घामट पट्टा बॅगेत कोंबून ठेवू नका. सावलीत, वाऱ्यावर टांगा. पावसाळ्यात चामड्यावर बुरशी धरते आणि भोकं लांबट होतात, मग वहीतला आकडा तोच राहतो पण पट्टा पाऊण सेंटिमीटर लांब झालेला असतो. दर महिन्याला बक्कलपासून कडीपर्यंत फूटपट्टी लावून बघा आणि तो आकडाही वहीत त्याच पानावर लिहा.