चलनाचा सट्टा आणि शिस्तीचे मृगजळ

परकीय चलनाच्या उलाढालीतून महिन्याकाठी नियमित प्राप्ती करून देण्याची ग्वाही देणारी जाहिरात आज मोबाइलच्या पडद्यावरून चंद्रपूरच्या कारकुनापर्यंत आणि गडचिरोलीच्या विद्यार्थ्यापर्यंत सारख्याच वेगाने पोचते. पूर्वी अशा जाहिरातींत झटपट श्रीमंतीचे आमिष उघडउघड असे. आताची भाषा अधिक सोज्ज्वळ आहे. ती शिस्त, संयम व आत्मनियंत्रण यांचे पाठ देते. आणि भांडवल नसेल तर तेही आम्हीच पुरवू, असे आश्वासन देते. शिक्षक आणि नोकरदार यांना शिस्तीचे मोल ठाऊक असते, म्हणूनच ही भाषा त्यांच्या गळी अधिक सहज उतरते. तेव्हा या शिस्तीच्या पोटात काय दडले आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. 1973 च्या कठोर कायद्याची जागा जून 2000 पासून परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने घेतली. निर्बंध सैल झाले; परंतु ते नाहीसे झाले नाहीत. निवासी भारतीयास हे व्यवहार प्राधिकृत बँकांशी, रिझर्व्ह बँकेने मान्य केलेल्या मंचांवर अथवा मान्यताप्राप्त शेअर बाजारांतच करता येतात. शेअर बाजारातील रुपयाशी निगडित सौद्यामागे परकीय चलनाचे खरेखुरे देणे-घेणे असले पाहिजे, हेही मे 2024 पासून अमलात आलेल्या निर्देशांनी स्पष्ट केले. परदेशी मंचांवर सौद्यांसाठी अनामत रक्कम पाठविण्यास मुभा नाही. कायद्याचा भंग झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये 34 अनधिकृत मंचांची सावधान-सूची प्रसिद्ध केली आणि पुढे ती वाढवीत नेली. सूचीत नाव नाही म्हणून एखादा मंच अधिकृत ठरत नाही, हेही बँकेने बजावले आहे. ज्या व्यवहाराचा पायाच बेकायदा, त्यात शिस्त पाळणारा मनुष्य एक अवैध कृत्य नेटकेपणाने करीत असतो, इतकेच!

आता शिस्तीचे गणित. प्रत्येक सौद्यात भांडवलाच्या 2 टक्क्यांहून अधिक धोका पत्करू नये, असा एक नियम शिकविला जातो. नियम वाईट नाही. लागोपाठ दहा सौदे बुडाले, तर 2 टक्क्यांच्या नियमाने सुमारे 18 टक्के भांडवल जाते. 10 टक्के धोका घेणाऱ्याचे मात्र 65 टक्के जाते. आणि निम्मे भांडवल गमावलेल्यास मूळ पदावर येण्यासाठी उरलेल्याचे दुप्पट करावे लागते. म्हणजे शिस्तीने नाश लांबणीवर पडतो, हे खरे. परंतु प्रत्येक सौद्यात खरेदी-विक्रीच्या दरांतील फरक मंचाच्या खिशात जात असेल, तर सरासरीने तोटाच ठरलेल्या खेळात शिस्त नफा कोठून आणणार? त्यात शंभरपट उसनवारीची भर पडली, की भाव एक टक्का विरुद्ध जाताच सारी अनामत संपते. युरोपीय नियामकांनी 2018 साली प्रमुख चलनांसाठी ही उसनवारी तीसपटीवर आणली, तेव्हा अशा सौद्यांतील 74 ते 89 टक्के किरकोळ खाती तोट्यात असल्याचे त्यांना आढळले होते.

पुरविलेल्या भांडवलाची कथाही अशीच आहे. उमेदवाराने शुल्क भरावयाचे, ठरावीक मुदतीत नफ्याचे लक्ष्य गाठावयाचे आणि तोट्याची मर्यादा एकदाही ओलांडावयाची नाही. नापास झाला, की पुन्हा शुल्क. अशा अनेक संस्थांचे खाते उत्तीर्ण झाल्यावरही आभासीच असते, हे त्यांच्याच अटींत नमूद असते. जेथे उत्पन्नाचा मोठा भाग परीक्षा-शुल्काचा असतो, तेथे परीक्षकाचे हित परीक्षार्थी नापास होण्यात असते. शिक्षकांना हे अधिक विशद करून सांगावयास नको.

कायदेशीर बाजारातले चित्रही उत्साहवर्धक नाही. वायदे व ऑप्शन सौदे करणाऱ्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी 93 टक्क्यांना 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत तोटा झाला आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता, असे सेबीने दाखवून दिले. हे आकडे शेअरांच्या सौद्यांचे आहेत, चलनाचे नव्हेत. परंतु माणूस तोच आहे. महाराष्ट्राला तर हा अनुभव नवा नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद भावांवर मुंबईत पैजा लागत. 1960 च्या दशकाच्या आरंभी ते भाव येणे थांबले, तेव्हा चिठ्ठ्यांच्या मडक्यातून आकडे काढण्यात येऊ लागले आणि मटका जन्मला. पैज लावणाऱ्याला कापसाशी कर्तव्य नव्हते, हे यावरून सिद्धच झाले. आजच्या पैजेतही ना माल आहे, ना देणे; आहे तो केवळ दूरचा आकडा.

या उलट, खऱ्या व्यापाराची शिस्त याच वनजिल्ह्यांत पाहावयास मिळते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकू लागली. माल ठाऊक, मालकी आपली, निर्णय सर्वसहमतीचा. तरीही बाजार कोणाची गय करीत नाही. 2017 च्या हंगामात चढलेले तेंदूपानांचे भाव पुढील वर्षी कोसळले, तेव्हा पानांचे ढीग समोर असलेल्या गडचिरोलीच्या ग्रामसभांनाही झळ बसली. ज्यांच्या हाती माल आहे त्यांची ही गत, तर ज्याच्या हाती केवळ मोबाइल आहे त्याने काय समजावे?

पतसंस्थेचे कर्ज, भविष्यनिर्वाह निधीतील उचल आणि बहिणीच्या लग्नाची पुंजी ही या जिल्ह्यांतील नोकरदाराची खरी शिल्लक आहे. ती गेली तर उभारण्यास आयुष्य लागते. महाविद्यालयांनी टक्केवारी, उसनवारी व संभाव्यता यांचे व्यवहारी शिक्षण द्यावे; पतसंस्थांनी कर्जाचे प्रयोजन डोळसपणे पाहावे; पोलिसांनी तक्रारदाराला हसण्यावारी नेऊ नये. परंतु पहिली जबाबदारी प्रत्येकाची स्वतःची आहे. उत्पन्नाबाहेर खर्च न करणे, आपत्काळासाठी बाजूला ठेवणे आणि न समजलेल्या व्यवहारास स्पष्ट नकार देणे, ही शिस्त कोणी शुल्क घेऊन शिकवीत नाही. तिच्यातून संपत्ती सावकाश येते, हे खरे. पण ती आतबट्ट्याची ठरत नाही.