विश्लेषण : ‘विदर्भाच्या कादर खान’ना पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीच्या नटाला काय मिळाले?

२०२३च्या पद्मश्री यादीत कला क्षेत्रासाठी महाराष्ट्रातून रवीना टंडन यांचे नाव होते, तसेच गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांचेही. रवीना टंडन कोण, हे कोणालाही सांगावे लागले नाही. खुणे कोण, हे मात्र वैनगंगेच्या खोऱ्याबाहेरच्या बहुतेकांना त्या दिवशी शोधावे लागले. एकाच पुरस्काराच्या या दोन मानकऱ्यांच्या व्यवसायांत सुरक्षिततेची आणि नोंदीची किती मोठी दरी आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

परशुराम खुणे कोण?

कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे हे झाडीपट्टी रंगभूमीवरचे ज्येष्ठ नट. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे ८०० भूमिका ही त्यांच्या नावावरची नोंद. नाटकांतून केलेले प्रबोधन आणि नक्षलग्रस्त भागातील वाट चुकलेल्या तरुणांच्या पुनर्वसनाचे काम यांचाही पुरस्कारावेळी उल्लेख झाला.

पाच हजार प्रयोग म्हणजे किती? झाडीपट्टीचा हंगाम वर्षातून चार-पाच महिनेच चालतो. वर्षाला शंभर प्रयोग धरले, तरी हा आकडा गाठायला पन्नास वर्षे लागतात. त्यातही इथला प्रयोग दोन-अडीच तासांचा नसतो. तो रात्री दहाच्या सुमारास सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. रिटेक नाही, डबिंग नाही, समोर हजारोंची गर्दी आणि अंगावर हिवाळ्याची थंडी.

खुणे यांना ‘विदर्भाचे कादर खान’ म्हणतात. उपाधी प्रेमाची आहे, पण तिच्यात एक गंमतही दडली आहे. आयुष्य रंगभूमीवर काढलेल्या नटाची ओळख करून द्यायलाही सिनेनटाचे नाव लागते. कादर खान स्वतः नाटकातूनच सिनेमात आले. मुंबईत भायखळ्याच्या साबू सिद्दिक महाविद्यालयात शिकवत असताना ते नाटके लिहीत आणि करत. १९७३च्या ‘दाग’पासून ते पडद्यावर दिसू लागले आणि पुढे तीनशेहून अधिक चित्रपटांत झळकले. ३१ डिसेंबर २०१८ रोजी त्यांचे निधन झाले आणि २०१९मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. खुणे यांना ती हयातीत मिळाली, ही समाधानाची बाब.

झाडीपट्टी म्हणजे नेमके काय?

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या चार जिल्ह्यांतील जंगलाचा, तलावांचा आणि धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. इथली बोली झाडीबोली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले. दंडार, खडी गंमत अशा लोककलांच्या मातीतून इथले नाटक वर आले.

दिवाळीत भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते. धान घरात येऊ लागलेले असते, लेकी माहेरी आलेल्या असतात, पाहुण्यांनी घरे भरलेली असतात. याच गर्दीत सोयरिकीची बोलणीही होतात. दिवसा मंडई किंवा शंकरपट आणि रात्री नाटक, हा क्रम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. घरी आलेल्या पाहुण्याला नाटक दाखवणे हा इथे पाहुणचाराचाच भाग असतो.

हे नाटक उभे कसे राहते?

या व्यवसायाची राजधानी वडसा, म्हणजेच देसाईगंज. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरील या गावात हंगामात नाट्यमंडळांच्या कार्यालयांचे फलक लागतात. गावचे मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवते, तारीख घेते, इसार देते आणि गावी परतून तिकिटे विकते. नट, वादक, पडदे, दिवे, ध्वनियंत्रणा घेऊन कंपनी गाडीने गावात पोहोचते, रात्रभर खेळ करते आणि सकाळी पुढच्या गावाचा रस्ता धरते. नटाला पैसे मिळतात ते ‘नाइट’प्रमाणे. नाइट रद्द झाली की त्या दिवसाची कमाई गेली.

या व्यवस्थेला सरकारी अनुदानाचा टेकू नाही. ती तिकिटावर चालते. हे तिचे बळ आहे आणि तिचा कच्चा दुवाही. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, तेव्हा ज्या गावांत शंकरपटाच्या जोडीने नाटक होई, तिथल्या गर्दीचे मोठे निमित्तच गेले. अटींसह परवानगी डिसेंबर २०२१मध्ये मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने संबंधित कायदा वैध ठरवला. दरम्यान करोनाने गर्दीवरच बंधने आणली. अवकाळी पाऊस, पडलेला धानाचा भाव, परिसरातील वाघाचे हल्ले या सगळ्यांचा हिशेब शेवटी नटाच्या नाइटपाशी येऊन थांबतो.

चित्रपटाशी नाते कसे?

नाते दुहेरी आहे. एकीकडे सिनेमाला या मुलखाचे आकर्षण वाटते. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पावरील ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो’ हा चित्रपट २०१४मध्ये आला. त्यात नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांनी आमटे दाम्पत्य साकारले. २०२२मध्ये तृषांत इंगळे यांनी ‘झॉलीवूड’मधून खुद्द झाडीपट्टीची नाटक कंपनी पडद्यावर आणली आणि तिथल्याच कलावंतांना कॅमेऱ्यासमोर उभे केले.

दुसरीकडे झाडीपट्टीलाही सिनेमाचा मोह आहे. मुंबई-पुण्याचा, चित्रपटात किंवा मालिकेत दिसलेला चेहरा पोस्टरवर असला की तिकीट लवकर खपते, असा आयोजकांचा हिशेब असतो. तो चुकीचा म्हणता येणार नाही. गावाने पदरचे पैसे गुंतवलेले असतात. पण पाहुणा कलाकार काही प्रवेश करून टाळ्या घेतो आणि रात्रभर नाटक पेलणारा नट पोस्टरच्या कोपऱ्यात जातो. एकूण बजेट तेवढेच राहिले, तर पाहुण्याचे मानधन कोणाच्या वाट्यातून जाते, हा प्रश्न कंपन्यांनी आणि गावांनी स्वतःला विचारायला हवा.

सिनेनट आणि झाडीपट्टीचा नट यांत खरा फरक कोणता?

प्रसिद्धी आणि पैसा हा दिसणारा फरक. त्याहून मोठा फरक नोंदीचा आहे. चित्रपटात चार मिनिटांची भूमिका केली तरी नाव श्रेयनामावलीत राहते, चित्रपटाचे प्रमाणपत्र असते, करार असतो, मुंबईत कलाकारांची संघटना असते. झाडीपट्टीच्या नटाने तीस वर्षे काम केले, तरी पुरावा म्हणून हाती उरतात ती जुनी हँडबिले, एखादे कात्रण आणि लोकांच्या आठवणी. व्यवहार बहुतेक तोंडी. खुणे यांच्या हजारो प्रयोगांची दखल घेतली गेली. त्यांच्यासोबत त्याच रात्री त्याच मंचावर उभे राहिलेल्या इतरांच्या प्रयोगांची मोजदाद कोणाच्या वहीत आहे?

मानधन योजना आहे, मग अडचण काय?

ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना जुनी आहे. २०२४मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले आणि मानधन सरसकट दरमहा पाच हजार रुपये झाले. ही वाढ स्वागतार्ह आहे. पण योजनेला वयाची अट आहे, उत्पन्नाची मर्यादा आहे आणि कलाक्षेत्रातील कामाचा पुरावा लागतो. हा पुरावा जमवणे झाडीपट्टीच्या नटाला सर्वांत अवघड जाते.

शिवाय ही योजना उतारवयासाठी आहे. झाडीपट्टीच्या नटाला खरा धोका कामाच्या वयातच असतो. रात्रभर खेळ आणि पहाटे जंगलातल्या रस्त्याने प्रवास. चालकही जागरण झालेला. अपघात झाला तर उपचार कोणाच्या खर्चाने करायचे, याचे उत्तर तोंडी व्यवहारात नसते.

मोबाइलवर दिसणारे नाटक कोणाच्या मालकीचे?

आता झाडीपट्टीची नाटके, त्यातली गाणी आणि विनोदी प्रवेश मोबाइलवर सहज सापडतात. लाखो लोकांपर्यंत नट पोहोचतो, हे चांगलेच. पण जाहिरातीतून पैसे मिळतात ते चॅनेल चालवणाऱ्याला.

याबाबत कायदा काय म्हणतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांचे हक्क आले. कायद्याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्यापासून जादूगार आणि गारुड्यापर्यंत सारे येतात. हा हक्क ५० वर्षे टिकतो. संमतीशिवाय प्रयोगाचे चित्रीकरण करणे किंवा ते प्रसारित करणे हा त्याचा भंग ठरतो. २०१२च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्कही दिला. चित्रपटात काम करण्यास लेखी संमती दिलेल्या नटाचे या बाबतीतले बरेच हक्क निर्मात्याकडे जातात. मंचावरच्या नटाचे तसे होत नाही. म्हणजे या एका मुद्द्यावर वडशाचा नट सिनेनटापेक्षा भक्कम जागी उभा आहे. फक्त हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

‘हा तर धंदा’ हा आक्षेप कितपत खरा?

झाडीपट्टी नाटक भडक असते, द्वयर्थी संवाद आणि नाचगाण्यांवर चालते, ते धंदेवाईक आहे, मग सरकारने त्यात का पडावे, असे विचारले जाते. आक्षेपात तथ्य आहे. सगळीच नाटके उत्तम नसतात आणि काही कंपन्या गल्ल्यासाठी सवंगपणाकडे झुकतात. पण हीच फूटपट्टी चित्रपटाला लावली तर तिथे काय उरेल? मराठी चित्रपटांना अनुदान मिळते, गोरेगावात सरकारी चित्रनगरी आहे. हुंडा, व्यसन, शेतकऱ्यांचे हाल हे विषय शहरी मंचापेक्षा या मांडवात अधिक लोकांपुढे गेले आहेत. आणि मागणी अनुदानाची नाहीच. कामगाराला मिळते तेवढे संरक्षण नटाला मिळावे, एवढीच ती आहे.

मग काय करता येईल?

पहिले काम नोंदीचे. कंपनी, नाटक, गाव, तारीख आणि कलावंतांची नावे यांची साधी डिजिटल नोंदवही वडशात ठेवता येईल. हंगामात रोज भरलेली ही वही वीस वर्षांनी मानधनाच्या अर्जाला पुरावा म्हणून चालावी, असा शासननिर्णय सांस्कृतिक कार्य विभागाने काढावा.

दुसरे, प्रत्येक करारात हंगामापुरता गट अपघात विमा असावा. हप्त्याचा भार कंपनी, गावचे मंडळ आणि सरकार यांनी वाटून घेतला तर कोणाच्याही अंगावर येणार नाही. तिसरे, चित्रीकरणाची परवानगी आणि त्यातला कलावंतांचा वाटा करारातच लिहिला जावा. आणि पोस्टरवर पाहुण्या चेहऱ्याइतकेच ठळक नाव नाटक पेलणाऱ्यांचे असावे. याला तर सरकारचीही गरज नाही.

या चारही गोष्टींना मोठा निधी लागत नाही. पुढची मंडई भरण्याआधी वडशात कंपन्या, कलावंत आणि जिल्हा प्रशासन एकत्र बसले, तर येत्या हंगामापासूनच सुरुवात होऊ शकते.