केसपेपरवर एक रकाना वाढवा!

आमच्या शेजारच्या पोराला दर शुक्रवारी संध्याकाळी ताप यायचा. भोसरीत वेल्डर आहे. थंडी वाजायची, अंग मोडून यायचं, तोंडाला धातूची चव. शनिवारी सकाळी गडी ठणठणीत, परत कामावर! मलेरिया, डेंगी, टायफॉइड, सगळं निगेटिव्ह. दोन दवाखाने झाले, खिसा रिकामा झाला. घरचे तर बाहेरची बाधा म्हणायला लागले.

तिसऱ्या, वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करतोस रे? सुट्टी कधी असते?"

जीआय पत्र्याचं वेल्डिंग. सुट्टी गुरुवारी. तिथंच उलगडा झाला. पत्र्यावरचं जस्त जळून जो पांढरा धूर निघतो, त्याचा हा ताप. रोजच्या धुराची शरीराला सवय होते, सुट्टीत ती मोडते आणि परतल्यावर पहिल्याच दिवशी ताप चढतो. जगात याला 'सोमवारचा ताप' म्हणतात. आपल्याकडं एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, म्हणून आपला शुक्रवारचा!

जानेवारी २०२५ आठवा. पुण्यात जीबीएसचे पेशंट अचानक वाढले. वर्षाला लाखात एक-दोघांना होणारा आजार, आणि संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्येही सापडले. एनआयव्हीच्या तपासणीत काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू मिळाला. पण लॅबइतकाच महत्त्वाचा होता साधा प्रश्न: हे लोक राहतात कुठं, पाणी कुठलं पितात? नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी अशी नावं पुढं आली आणि बोट पाण्याकडं गेलं.

आपल्या पट्ट्यात तसाच प्रश्न कामाचा आहे. पेंट शॉपमधल्या माणसाचा दमा सुट्टीत गावी गेल्यावर कमी होतो. क्रोम प्लेटिंगवाल्याच्या नाकाच्या पडद्याला भोक पडतं. बॅटरीच्या कामात शिसं पोटात जाऊन पोटदुखी होते आणि माणूस वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या खातो. 'कामधंदा काय?' हे पेशंटला विचारा, असं इटलीतल्या रामाझिनी नावाच्या डॉक्टरनं १७०० साली लिहून ठेवलंय. शिसं, क्रोम, सिलिका यांचे आजार आढळले तर डॉक्टरांनी सरकारला कळवायचं, ही तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यातच होती. पण विचारलंच नाही तर कळवणार काय?

म्हणून मागणी साधी आहे. वायसीएम असो, ईएसआय असो की गल्लीतला दवाखाना, केसपेपरवर तीन प्रश्न छापा: काम काय? कशाचा धूर, धूळ, केमिकल? सुट्टीत बरं वाटतं का? खर्च शून्य.

आणि कामगार मित्रांनो, विशेषतः कॉन्ट्रॅक्टवाल्यांनो, डॉक्टरांनी नाही विचारलं तर तुम्ही सांगा. केमिकलच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. नोकरी जाईल म्हणून गप्प बसाल, तर फुप्फुसं जातील. ती कुठल्याच कॉन्ट्रॅक्टरकडून परत मिळत नाहीत.

तुमच्या ओळखीत असा कुणी 'शुक्रवारचा ताप'वाला आहे का? त्याला हे वाचून दाखवा.